लेबलवर 400–430 छापलं होतं, आणि मी ते वाचलं होतं

आधी शरमेची गोष्ट सांगून मोकळा होतो. ट्रॅक्टरसाठी फोनवरून मागवलेल्या ग्रीसमध्ये मी फसलो, आणि मी लेबल वाचलं होतं. चष्मा लावून, उजेडात धरून वाचलं होतं. ग्रीसच्या कार्ट्रिजवर, म्हणजे गनमध्ये घालायच्या भरलेल्या नळकांड्यावर, ठसठशीत 'ग्रेड 2' आणि त्याखाली चौथ्या ओळीत, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत, 'पेनेट्रेशन 400–430'. जाणकारांनी इथेच कपाळाला हात लावला असेल.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पेनेट्रेशन म्हणजे ग्रीस किती मऊ ते, आकडा मोठा तितकं पातळ. 25 अंश सेल्सिअसला, घुसळून घेतलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू 5 सेकंद सोडतात आणि तो किती खोल रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. ग्रेड 2 ला हा आकडा 265 ते 295 येतो. 400 ते 430 म्हणजे ग्रेड 00, बंद गिअरपेटीत ओतायचं, जवळजवळ वाहणारं ग्रीस. लोडरच्या, म्हणजे पुढच्या माती उचलणाऱ्या बकेटच्या, सांध्यातल्या पिनेत भरलंत तर ते पिनेत थांबत नाही, जमिनीवर येतं. हे सगळं मी गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आलोय. आणि तोच आकडा माझ्या स्वतःच्या तळहातावर आला तेव्हा मी काय म्हटलं? 'छपाईची चूक असेल.'

माझा ट्रॅक्टर छोटा आहे, 24 अश्वशक्तीचा. पुढे लोडर, मागे रोटाव्हेटर. सगळी मिळून 31 निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं. लोडरच्या पिना आणि पीटीओ शाफ्टचे (इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे फिरते सांधे, दर 10 तासांनी, पुढच्या अ‍ॅक्सलची मधली पिन आणि किंगपिन (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती) दर 50 तासांनी, असं माझ्या पुस्तिकेत आहे आणि मी ते पाळतो. हे अशासाठी सांगतो की मी आळशी मालक नाही. आळशी माणूस या सापळ्यात अडकलाच नसता, त्याला ग्रीसबद्दल फोनवर 20 मिनिटं बोलायला आवडलं नसतं.

विक्रेत्याने पहिल्याच फोनवर विचारलं, "सर, बकेटच्या पिनांना मोली वापरता की साधंच भरता?" झालं, मी विरघळलो. इतकी वर्षं कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न बरोबरही होता: हळू घासणाऱ्या, जड दाबाच्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश यांना 3 टक्के मोलीचं, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड घातलेलं, ग्रीस चांगलं, आणि वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगला त्याची गरज नसते. तोही हेच बोलला. जुनं ग्रीस लिथियमच्या साबणावर बनवलेलं असेल तर पॉलियुरियावर बनवलेलं त्यात मिसळू नका, पातळ होऊन गळेल, हेही त्यानेच सांगितलं. ठगाकडून मिळालेला सल्ला शंभर टक्के खरा होता, ही माझ्या दुःखातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

पैशाचा आकडा लिहीत नाही, कारण घरचेही वाचतात आणि त्यांना मी सांगितलेला आकडा वेगळा आहे. प्रमाण मात्र नेमकं सांगतो. त्याचा भाव बाजारभावापेक्षा फक्त 18 टक्के कमी होता. निम्म्या भावात देतो म्हणाला असता तर मीही फोन ठेवला असता. 'स्वस्ताला भुलला' असं मला म्हणू नका. 18 टक्के सूट कोणीही देतो. अट एकच, सगळे पैसे आगाऊ. इथे मात्र माझ्याकडे काही उत्तर नाही.

ठरलेला माल असा होता: 400 ग्रॅमची 24 कार्ट्रिज, म्हणजे 9 किलो 600 ग्रॅम लिथियम कॉम्प्लेक्स, 18 व्होल्टची बॅटरीवर चालणारी ग्रीस गन, निपलला घट्ट पकडणारा लॉक कपलर, आणि 110 निपलांची पेटी. नवव्या दिवशी माल आला. लोकांचा माल येतच नाही, माझा आला, त्यामुळे मी आणखीच निर्धास्त झालो.

आता तो क्षण. खोकं फोडलं, गन काढली. देखणी होती, खोटं का बोलू. तिच्या अंगावर '10,000 पीएसआय' असा दाबाचा स्टिकर. नळी हातात फिरवली तर रबरावर उठवलेलं, 'कमाल 3,000'. ज्या नळीतून दाब जायचा तीच तिसऱ्या हिश्श्याच्या लायकीची! हा पहिला इशारा. मग कार्ट्रिज घेतलं, कडी ओढून झाकण काढलं, आणि ग्रीसच्या वर तेलाचं तळं. थोडं तेल सुटणं हा काही गुन्हा नाही, उभं ठेवलेलं चांगलं ग्रीससुद्धा थोडं सोडतं. पण इथे अंगठ्याच्या पेराएवढं तेल होतं, आणि वास जळक्या इंजिन ऑईलचा. मग लेबलावरचा तो आकडा. पाच मिनिटांत तीन इशारे. तेव्हा मी तिथेच थांबायला हवं होतं. उरलेली 23 न फोडता वजनकाट्यावर ठेवायला हवी होती. त्याऐवजी मी त्या लॉक कपलरचा खटका दहा वेळा उघडून मिटून बघत बसलो. लहान पोरासारखा.

वजन केलं ते बऱ्याच उशिरा, सात कार्ट्रिज संपल्यावर. रिकाम्या नळकांड्याचं वजन वजा करून उरलेल्या 17 मध्ये सरासरी 341 ग्रॅम निघालं. म्हणजे दर कार्ट्रिजमागे 59 ग्रॅम हवा. 24 चा हिशोब केला तर 1 किलो 416 ग्रॅम ग्रीस मला मिळालंच नाही. जे मिळालं ते ग्रीस होतं का, हा वेगळाच प्रश्न. चिमूटभर तळहातावर घेऊन पाण्याच्या थेंबासोबत चोळलं, तर दुधासारखं पांढरं होऊन साबणासारखं निसटलं. धड लिथियमचं ग्रीस असं लगेच विरघळत नाही. सोडियमच्या साबणावर बनवलेलं विरघळतं. आणि रंगावर जाऊ नका, कुठल्याच रंगावर. लाल, निळा, हिरवा हा नुसता रंग टाकलेला असतो. काळपट करडा रंग मोलीचा की काजळीचा, हे डोळ्यांना कळत नाही.

तासमीटर 612 वर असताना पहिल्यांदा भरलं. दुसऱ्या दिवशी लोडरच्या पिनांखाली काळे ओघळ. मी मनाशी म्हटलं, नवं आत गेलं की जुनं बाहेर येतं, चांगलंच आहे. ही समजूत चुकीची नाही, नियम तसाच आहे. पण जुनं जाड असतं, ढेकळासारखं बाहेर येतं. ओघळत नाही. 650 तासांना, ओल्या मातीत रोटाव्हेटर चालू असताना, पीटीओकडून कट-कट आवाज आला. शाफ्ट काढला. क्रॉसच्या चार टोप्यांपैकी दोन टोप्यांत सुया, म्हणजे बेअरिंगच्या बारीक सळया, कोरड्या ठणठणीत होत्या. आत ग्रीसच्या जागी विटकरी भुकटी, आणि क्रॉसच्या दांड्यावर सुयांचे खड्डे असे उमटलेले की नखाने मोजता यावेत. 38 तासांत एवढं. अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनेचे दोन्ही बुशही गेले. दुरुस्तीचं बिल त्या सगळ्या मालाच्या बिलाच्या 3.4 पट आलं.

निपलांचा प्रकार तर वेगळाच. पेटीवर '6 मिमी, 1 पिच' लिहिलेलं, आत निम्मे पाव इंच जाडीचे, इंचाला 28 आट्यांचे. हे दोन डोळ्यांना जुळे भाऊ दिसतात. 6 मिमीचा निपल पाव इंचाच्या भोकात हातानेही फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि दाब आला की गोळीसारखा सुटतो. एक माझ्या कानाजवळून गेला. जुना निपल काढला की नवा शेजारी धरून आटे एकमेकांत घालून बघा. फट दिसली तर तो निपल परत पेटीत.

आणि ती नळी. तिसऱ्या दिवशी कपलरच्या बाजूने बारीक चिळकांडी उडाली. सवयीने मी बोटाने दाबायला गेलो होतो, नशीब हातात हातमोजा होता आणि गन बंद झाली. हे मी ओरडून सांगतो: फुटलेल्या ग्रीसच्या नळीवर हात धरू नका. त्या दाबाने ग्रीस कातडीखाली शिरतं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. तसं झालं तर मलम लावून झोपू नका, थेट इस्पितळात जा आणि 'दाबाने ग्रीस शिरलंय' हेच शब्द वापरा.

आता सरकारदरबार. विक्रेत्याचा फोन बंद. बिलावरच्या पत्त्यावर रिकामा प्लॉट आणि त्यात एक बंद पडलेला पंप. पोलीस ठाण्यात गेलो. "ग्रीस म्हणजे?" पाच मिनिटं ग्रीस म्हणजे काय ते समजावलं. मग प्रश्न, "माल मिळाला ना?" मिळाला. "मग फसवणूक कसली, प्रत खराब आहे म्हणा." ऑनलाइन गुन्ह्यांच्या खिडकीवर गेलो, ते म्हणाले वस्तू पोचली म्हणजे हा ग्राहकाचा वाद. ग्राहक तक्रार कक्ष म्हणाला, ग्रीस नकली आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणा. प्रयोगशाळा म्हणाली, सीलबंद नमुना, तोही अर्जासोबत तक्रार क्रमांक लावून. तक्रार क्रमांक कोण देणार? ग्राहक कक्ष, अहवाल मिळाल्यावर! वजनमापं खात्याने तर कमालच केली. 59 ग्रॅम कमी भरलंय हे मान्य, काट्यावर माझ्यासमोर खात्री केली, आणि मग म्हणाले, "विक्रेत्याला नोटीस पाठवतो, पत्ता द्या." तो रिकाम्या प्लॉटचा पत्ता. नोटीस त्या बंद पंपाला चिकटवणार का, असं मी विचारलं. साहेबांना राग आला. बँकेने एका ओळीत उत्तर दिलं: पैसे तुम्ही स्वतःच्या संमतीने पाठवलेत. ज्या कंपनीचं नाव लेबलावर छापलं होतं तिने कळवलं की हा बॅच क्रमांक आमचा नाही, आणि उलट मलाच विचारलं की हा माल तुम्ही कुठून आणलात. ट्रॅक्टरच्या विक्रेत्याने वॉरंटी नाकारली, कारण 'शिफारस नसलेलं ग्रीस'. म्हणजे ज्यांच्याकडे गेलो त्या प्रत्येकाने मान्य केलं की माल खोटा आहे, आणि प्रत्येकाने ते फक्त माझ्याविरुद्ध वापरलं. 47 दिवस, 6 हेलपाटे, 11 फोन. एकाही टेबलावर कोणी तो आकडा वाचला नाही, 400–430.

यात आणखी एक घाण आहे, तीही सांगून टाकतो. तेविसाव्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून एकाचा फोन आला. तुमची तक्रार मिळाली, माल बदलून देतो, फक्त वाहतुकीचे पैसे भरा. पहिल्या बिलाचा नववा हिस्सा. भरले. हो, भरले. मी तक्रार केलीय हे त्याला कसं कळलं, हा प्रश्न मला पैसे गेल्यावर सुचला. बहुधा कळलंच नव्हतं, अंदाजाने फेकलं होतं. चिडलेला गिऱ्हाईक तक्रार करणारच.

सध्या साधी हाताच्या दांड्याची गन वापरतो. छोट्या ट्रॅक्टरला तीच बरी. बॅटरीच्या गनला हाताला काही कळत नाही; सील फुगून बाहेर आल्यावर समजतं. दांड्याने दाब वाढला की मनगटाला लगेच जाणवतं. नवी गन आणलीत की एक काम करा: काट्यावर कागद ठेवून 20 दांडे मारा आणि ग्रॅम मोजा. पुस्तिकेत कुठे ग्रॅम लिहिलेले असतात, कुठे नुसते दांडे, आणि प्रत्येक गनचा दांडा वेगळा असतो. निपल आधी चिंधीने पुसा, नाहीतर माती तुम्हीच आत ढकलता. कपलर अडकला तर सरळ खेचू नका, बाजूला कलता करा, सुटतो. माझे दोन निपल त्या देखण्या लॉकने मोडले. आणि नवं कार्ट्रिज फोडण्याआधी काट्यावर ठेवा, मग पेनेट्रेशनची ओळ शोधा. ओळच नसेल तर माल परत.

हिरव्या झाकणाचं, 'ग्रेड 2' खाली 400–430 छापलेलं कार्ट्रिज कोणाकडे असेल तर फोडू नका, निदान दोन तरी सीलबंद ठेवा. मी 17 ठेवली आहेत. शेडमध्ये आडवी ठेवली होती, तर तेल सुटून खालच्या फळीवर ओघळ आला. आता उभी करून, खाली पत्र्याचं झाकण ठेवलंय. वजनमापंवाल्यांनी नमुन्यासाठी न्यायला माणूस पाठवतो म्हटलं होतं. काल मोबाईलवर संदेश आला, तक्रार निकाली काढली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल. माणूस काही आलेला नाही.