टॅटू म्हणून मेंदी: किनारपट्टीवर काही महिने वापरल्यानंतर

लग्नात हातांवर काढतात ती आणि टॅटू म्हणून दंडावर किंवा पोटरीवर काढतात ती, मेंदी एकच. पण दंडावर ती तळव्यासारखी वागत नाही. त्यात कोकणची हवा. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक मापं कोरड्या हवेसाठी असतात. रत्नागिरी-मालवणकडे ती जशीच्या तशी घेतली तर रात्रीत नक्षी ओघळते. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या वापरात सगळ्यात जास्त फरक पाडला तो साखरेने.

साखर मेंदीला चिवट करते आणि ओलावा धरून ठेवते. राजस्थानसारख्या हवेत ती हवीच, नाहीतर रेषा तडकून गळतात. म्हणून 100 ग्रॅम पुडीला 25-30 ग्रॅम साखर सांगितली जाते. इथे हवेतलंच पाणी साखर ओढून घेते आणि रेषा सुकायचं नाव घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत 100 ग्रॅमला 10 ग्रॅम, एप्रिल-मेमध्ये 5 आणि पावसाळ्यात अजिबात नाही, असं ठेवलं तर जमतं. बिनसाखरेची मेंदी सुकल्यावर भुरभुरते, पण ती कागदी चिकटपट्टीने धरून ठेवता येते. ओघळलेली नक्षी मात्र सावरत नाही.

बाकीचं माप असं: 50 ग्रॅम वस्त्रगाळ पूड, 120 ते 150 मिली लिंबाचा रस आणि 15 मिली निलगिरी किंवा टी ट्री तेल. लिंबू नसेल तर कोकमाचं आगळ घालायचा मोह होतो, पण त्यात मीठ असतं, तेव्हा नको. लवंग तेलही नाजूक त्वचेला झोंबतं. रस एकदम ओतू नये. आधी घट्ट गोळा करून झाकून ठेवावा आणि रंग सुटल्यावर उरलेला रस घालून दह्याइतपत पातळ करावा. इथल्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत रंग सुटतो, थंडीत सात-आठ लागतात. तळव्यावर ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसावा. केशरी डाग दिसला की मेंदी तयार. मग नायलॉनच्या मोज्यातून गाळून कोन भरावेत. गाळायचा कंटाळा केला तर बारीक काड्या कोनाच्या टोकाशी अडकतात, आणि नेमक्या लांब सरळ रेषेच्या मध्येच. भरलेले कोन लगेच बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर काही महिने चालतात. बाहेर राहिलेली मेंदी दुसऱ्या दिवशी फिकी रंगते. वीज वारंवार जात असेल तर एका वेळी थोडीच भिजवावी, कारण वितळून पुन्हा गोठलेल्या कोनाचा भरवसा नसतो.

जागा निवडताना त्वचेची जाडी पाहावी. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. थर जाड तितका रंग गडद, आणि थर झडला की रंगही गेला. म्हणून तळवा सर्वांत गडद रंगतो, पण धुणंभांडी आणि मासे साफ करणं असेल तर आठवड्यात उडतो. टॅटूसाठी मनगटाच्या वरचा भाग आणि घोट्याची बाहेरची बाजू उत्तम. तिथे दहा-बारा दिवस नक्षी नीट दिसते. दंड आणि पोटरी मध्यम. मान, पाठ आणि पोटावर तपकिरीऐवजी फिकट केशरी रंग येतो, त्यासाठी तासन्‌तास पडून राहणं परवडत नाही. बारीक जाळीपेक्षा ठसठशीत रेषा आणि भरीव आकार घ्यावेत. जाड थर सावकाश सुकतो आणि तेवढा वेळ रंग सोडत राहतो.

काढण्याआधी जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. अंघोळीनंतर खोबरेल चोळायची आपली सवय त्या दिवशी सोडावी, तेलाच्या थरावर रंग बसत नाही. केस काढायचे असतील तर आदल्या दिवशी. नक्षी सहा ते आठ तास राहिली पाहिजे. वरचेवर लिंबू-साखर लावायचा सल्ला इथे पाळू नये. चिकचिक होते आणि मुंग्या येतात. वरून टिश्यू पेपर आणि त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी. प्लास्टिक गुंडाळलं तर आत घाम साचतो आणि मेंदी पातळ होते. खपली सुरीच्या बोथट पाठीने खरवडावी, खोबरेल लावावं आणि पुढचे बारा तास, जमल्यास पूर्ण दिवस, पाणी लावू नये. पहिला रंग भोपळ्यासारखा केशरी दिसतो, तो बिघडलेला नाही. हवेशी संयोग होत दोन दिवसांत तपकिरी होतो. लवंगांच्या धुरीने रंग खुलतो तो उबेमुळे, धुरात रंग नसतो.

तारकर्लीला समुद्रात उतरायचं असेल तर नक्षी किमान दोन दिवस आधी काढलेली असावी. खाऱ्या पाण्यापेक्षा वाळू जास्त नुकसान करते, ती त्वचा घासून काढते आणि नक्षी ठिपक्याठिपक्यांनी उडते. उतरण्याआधी खोबरेल लावावं, बाहेर आल्यावर टॉवेलने टिपावं, चोळू नये. रिसॉर्टच्या तलावातलं क्लोरीन रंग आणखी लवकर उतरवतं.

आता काळी मेंदी. तासाभरात काळाकुट्ट रंग देणारं जे काही जत्रेत किंवा किनाऱ्यावर मिळतं, ती निव्वळ मेंदी असूच शकत नाही. त्यात बहुधा पीपीडी हा केसांच्या कलपातला रंग असतो. काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी, नक्षीच्याच आकारात फोड येतात. वाईट म्हणजे ही ॲलर्जी पुढे जन्मभर राहू शकते आणि नंतर साधा कलप लावला तरी चेहरा सुजू शकतो. दुकानात महिनोन्‌महिने बाहेर ठेवलेले ‘झटपट’ कोनही टाळावेत. भिजवलेल्या पानाचा रंग इतका टिकत नाही, म्हणजे रंगवणारं आत काहीतरी दुसरं आहे. तांबड्या रक्तपेशींना जपणारं जी६पीडी एन्झाइम कमी असलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना शुद्ध मेंदीही लावू नये. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

काळाच रंग हवा असेल तर जगुआ हा पर्याय आहे. दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा अमेरिकाना या झाडाच्या कच्च्या फळाचा रस, रंग निळसर काळा. महाग आहे, काहींना त्याचीही ॲलर्जी होते, आणि दमट हवेत जेल तासन्‌तास चिकट राहून शेजारच्या कातडीवर छापा उमटतो. ऑक्टोबर ते मे याच काळात, पंख्याखाली बसून लावावा.

विरत आलेली नक्षी शेवटी डागाळ दिसते. तेलात जाड मीठ घालून अंघोळीआधी हलकं चोळलं की दोन-तीन दिवसांत उरलेली निघते. ब्लीच लावू नये. जुन्या रेषांवरून पुन्हा गिरवायला गेलं तर कडा जुळत नाहीत, दुहेरी दिसतात. नवी नक्षी कोऱ्या कातडीवरच काढावी.