डिस्कॉग्ज आणि डबच्या बनावट रेकॉर्ड्स: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी रेगे किंवा डबची (डब म्हणजे रेगे गाण्यातले काही आवाज काढून आणि काही प्रतिध्वनीत सोडून केलेली आवृत्ती) कोणतीही रेकॉर्ड डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय घेतलेली नाही. लंडनहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत दोन-तीन एलपींपुरतीच जागा असते, आणि ऑनलाइन मागवायचं तर टपाल आणि कस्टम धरून किंमत बरीच वाढते. एवढा खर्च करून घरी बूटलेग, म्हणजे विनापरवाना काढलेली प्रत, येऊ नये, हा एक भाग. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या लोकांच्या संगीतावर मी जीव टाकतो त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या हाती माझ्या पैशातलं काहीतरी पडावं असं मला मनापासून वाटतं.

डिस्कॉग्ज २००० साली सुरू झालं. रेकॉर्ड्सची ही प्रचंड मोठी नोंदवही आहे, वापरणाऱ्यांनीच भरलेली, आणि बघायला पैसे लागत नाहीत. एका अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या एकाखाली एक दिसतात. प्रत्येकीचं लेबल (म्हणजे काढणारी कंपनी), कॅटलॉग नंबर, देश, साल, कव्हरचे फोटो, आणि कोणी नोंदवले असतील तर रेकॉर्डच्या आतल्या कडेला कोरलेले आकडे. एखादी आवृत्ती विनापरवाना असल्याचं ठरलं तर तिच्यापुढे 'अनऑफिशियल' असा शेरा येतो आणि त्या साइटवर तिची विक्री बंद होते. तीच प्रत दुसरीकडे खुशाल विकली जात असते. म्हणून रेकॉर्ड कुठेही घ्यायची असो, मी आधी इथे येतो.

याचा उपयोग मला सगळ्यात चांगला कळला तो काँगोज या गायकांच्या 'हार्ट ऑफ द काँगोज' या अल्बमच्या निमित्तानं. निर्माता ली 'स्क्रॅच' पेरीनं हा अल्बम किंग्स्टनमधल्या आपल्या घरामागच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत केला आणि १९७७ साली तो जमैकात ब्लॅक आर्ट लेबलवर निघाला, तोही थोड्याच प्रतींत. आयलंड या लेबलनं तो जमैकाबाहेर काढला नाही. १९८१ साली इंग्लंडमध्ये गो फीट या लेबलनं काढला, १९९६ साली मँचेस्टरच्या ब्लड अँड फायरनं मोठ्या निगुतीनं पुन्हा आणला, आणि चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, व्हीपी या कंपनीच्या १७ नॉर्थ परेड लेबलनं पहिल्या जमैकन मिक्ससह (मिक्स म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेली अंतिम मांडणी) काढला. म्हणजे एकाच अल्बमची एकाहून अधिक मिक्स अधिकृतपणे फिरताहेत. 'माझ्या जुन्या प्रतीसारखं वाजत नाही, म्हणजे ही नकली' असा निष्कर्ष इथे चालतच नाही. आवृत्त्यांची ही वंशावळ समोर ठेवली की मधेच उगवलेली, लेबलचा पत्ता नसलेली, कोणाकडून परवाना घेतला ते न सांगणारी प्रत आपोआप वेगळी पडते. तासभर त्या पानावर बसलं की कोणती प्रत घ्यायची ते पक्कं होतं.

आता त्या कोरलेल्या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर. शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या कागदी लेबलभोवती जी गुळगुळीत पट्टी उरते, तिला रनआउट म्हणतात. तिथे मॅट्रिक्स नंबर असतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. जुन्या जमैकन रेकॉर्ड्सवर तो बहुतेकदा हातानं ओरखडलेला असतो आणि अनेकदा त्यात निर्मात्याची आद्याक्षरं असतात. इंग्लंडमध्ये जॉर्ज पेकहॅमनं कटिंग (म्हणजे रेकॉर्डची मूळ तबकडी कोरण्याचं काम) केलं असेल तर 'पोर्की' ही त्याची खूण सापडेल. बर्लिनच्या डबप्लेट्स अँड मास्टरिंगमध्ये कटिंग झालं असेल तर तिथल्या इंजिनिअरची खूण असते; बेसिक चॅनल लेबलवाल्यांनी वॅकीज या रेगे लेबलच्या ज्या रेकॉर्ड्स पुन्हा काढल्या त्यांवर मी ती मुद्दाम शोधतो. सहा आकडे आणि मग ई अशी सुबक छापील ओळ दिसली तर ती बहुधा चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड मीडियाची. त्या कारखान्यात कितीतरी अधिकृत लेबलांचं काम होतं, त्यामुळे जीझेडचा नंबर म्हणजे बनावट असं अजिबात नाही. पण विक्रेता '१९७६ची मूळ किंग्स्टन प्रत' म्हणत असेल आणि रनआउटमध्ये हा नंबर असेल, तर ती मूळ प्रत नाही, एवढं नक्की. बारकोडचंही तसंच. सत्तरच्या दशकातल्या जमैकन कव्हरवर बारकोड असूच शकत नाही. एका विक्रेत्याकडे 'पहिलं जमैकन प्रेसिंग' म्हणून ठेवलेल्या डब एलपीच्या मागच्या बाजूला मला तो दिसला. रनआउटचा फोटो मागितला, त्यानं दिला नाही, मी पुढे गेलो.

पण दिसण्यावर जाऊ नका, हे मला ठासून सांगायचं आहे. आपल्याला सवय अशी की छपाई गचाळ, कागद हलका, शुद्धलेखन चुकलेलं, म्हणजे माल नकली. जमैकन रेकॉर्ड्सच्या बाबतीत बरोबर उलटही असू शकतं. किंग्स्टनला प्लास्टिक पुन्हा वितळवून वापरत, मधलं भोक मध्यावर नसे, लेबल तिरकं चिकटे, गायकाचं नाव चुके, आणि बाजारात येण्याआधीच्या प्रतींवर तर लेबल कोरंच असे. सात इंची जमैकन रेकॉर्डला मधे मोठं भोक असतं, ब्रिटिश रेकॉर्डला बहुतेकदा लहान. या खडबडीत वस्तू अस्सल आहेत. उलट बूटलेगवाला जुनं लेबल स्कॅन करतो, जाड पुठ्ठ्याचं चकचकीत कव्हर करतो आणि १८० ग्रॅमचं स्टिकर लावतो. भिंगातून पाहिलं तर स्कॅन केलेल्या लेबलवरच्या बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, आधीच्या छपाईचे ठिपके पुन्हा छापले गेलेले दिसतात.

कानांनी ओळखायच्या खुणा मला जास्त आवडतात, कारण त्या या संगीताच्या गाभ्याशी जाऊन भिडतात. डबमध्ये गाण्यातून आवाज काढून घेतले जातात आणि एखादा स्नेअर ड्रमचा ठोका किंवा गायकाचा अर्धा शब्द प्रतिध्वनीत सोडून दिला जातो. ती विरत जाणारी शेपटी म्हणजेच डब. मूळ टेप नसताना जुन्या रेकॉर्डवरून कॉपी केली आणि खरखर घालवायला नॉइज रिडक्शन जोरात लावलं, की ही शेपटीच कापली जाते. प्रतिध्वनी हवेत विरण्याऐवजी दार बंद केल्यासारखा थांबतो. डबचा इंजिनिअर किंग टबी आपल्या मिक्सिंग डेस्कवरच्या हाय-पास फिल्टरनं (खालचे सूर गाळणाऱ्या) हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमच्या झांजेचा, आवाज जसा धारदार करत न्यायचा, तो प्रवासही मंद होतो. दुसरी खूण, दोन गाण्यांमधली शांतता हेडफोनवर ऐका. सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर दर १.८ सेकंदांनी तोच 'सुक्' आवाज येत असेल तर ते एलपीवरून उतरवलेलं आहे, कारण ३३ १/३ च्या गतीला एक फेरा तेवढ्याच वेळात होतो. ४५ च्या सिंगलवरून घेतलं असेल तर सव्वा सेकंदापेक्षा किंचित जास्त. आणि वादक ऑगस्टस पाब्लोच्या मेलोडिकाचे (फुंकून वाजवायच्या छोट्या पेटीचे) लांब सूर हलकेच वरखाली डुलत असतील, तर मधलं भोक सरकलेल्या प्रतीवरून कॉपी झाली असण्याचा संभव आहे.

इथेही एक सावधगिरी हवी. जमैकात टेप महाग होत्या, त्यांवर पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं, अनेक हरवल्या. त्यामुळे प्रेशर साउंड्ससारख्या रीतसर परवाना घेणाऱ्या लेबललाही कधीकधी रेकॉर्डवरूनच मास्टर (छपाईसाठीची मूळ प्रत) करावं लागतं. म्हणून मी आवाज आणि परवान्याची ओळ दोन्ही एकत्र बघतो. कोणाकडून परवाना घेतला ते नाव, वर्तुळातला पी (ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण) आणि त्यापुढचं साल व मालक, आणि संपर्काला पत्ता. ब्लड अँड फायरच्या प्रतींत हे सगळं सापडतं, शिवाय आत सविस्तर टिपणं असतात.

कायद्याची थोडी माहितीही उपयोगी पडली. जमैकात १९९३ पर्यंत १९११चाच ब्रिटिश कायदा चालू होता आणि वादकांना बहुधा सेशनचे ठरावीक पैसे देऊन मोकळं केलं जाई. निर्मात्यांनी तीच टेप वेगवेगळ्या लेबलांना दिल्याचे प्रकारही बरेच झाले, त्यामुळे दोन लेबलांकडे एकाच अल्बमचे कागद असू शकतात. युरोपात १९६३ च्या आधी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं हक्कांतून मुक्त झाली आहेत (यालाच पब्लिक डोमेन म्हणतात), म्हणून रेगेच्या आधीच्या स्का संगीताचे सुरुवातीचे स्वस्त संग्रह तिथे कायदेशीरपणे निघतात. कलाकाराला मात्र त्यातून काही मिळेलच असं नाही, आणि म्हणून मी ते घेत नाही. पण १९७५च्या डबबद्दल कोणी 'पब्लिक डोमेन' म्हणत असेल तर ते खोटं आहे. आपल्या कायद्यातही ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचं संरक्षण आहे.

डिस्कॉग्जची मर्यादा अशी की शेरा माणसंच देतात. ज्या प्रतीकडे अजून कोणी बारकाईनं बघितलेलं नाही, तिच्यापुढे शेरा नसतो, आणि शेरा नसणं म्हणजे अधिकृत असणं नव्हे. मी नोंदीखालच्या टिपा वाचतो, रनआउटचे आकडे स्वतः पडताळतो, आणि फरक दिसला तर फोटो जोडतो. प्रत्येकानं थोडं थोडं असं केलं तर ही वही सगळ्यांच्याच कामी येईल.

स्ट्रीमिंगला मात्र हे सगळं फारसं लागू होत नाही. रनआउट नाही, कागद नाही. टबीचा खून १९८९ साली झाला आणि त्यानंतर त्याच्या नावानं निघालेल्या संग्रहांत प्रिन्स जॅमी, सायंटिस्ट किंवा फिलिप स्मार्ट या दुसऱ्या इंजिनिअरांचं मिक्सिंग मिसळलेलं सापडतं, गाण्यांची नावंही बदललेली असतात. बॉब मार्लीनं पेरीबरोबर १९७०-७१च्या सुमारास केलेली गाणी तर असंख्य स्वस्त संग्रहांत पुन्हा पुन्हा येतात. तिथे अल्बमच्या तळाशी असलेली वर्तुळातल्या पीची ओळ वाचायची आणि ते लेबल डिस्कॉग्जवर शोधायचं. त्या लेबलखाली एकही तबकडी नसेल आणि शंभरएक वेगवेगळ्या कलाकारांचे 'बेस्ट ऑफ' असतील, तर मी तो अल्बम बंद करतो आणि त्याच गाण्यांची ग्रीनस्लीव्ह्ज, ट्रोजन किंवा व्हीपी या लेबलांकडची आवृत्ती शोधून लावतो.

विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे एवढंच मागावं: दोन्ही बाजूंच्या रनआउटचे फोटो, लेबलचा जवळून फोटो आणि कव्हरच्या मागच्या बाजूचा खालचा कोपरा. चांगला दुकानदार त्याच दिवशी पाठवतो.