नऊ महिने वापरलेला डीजे कंट्रोलर, आणि त्याचा डावीकडचा फेडर

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली हळद. सोलापूरच्या होटगी रोडच्या बाजूचं एक लॉन, रात्रीचे पावणेदहा. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की मी आवाज हळूहळू उतरवत नेतो. दहाला बंद म्हणजे बंद, आणि त्या लॉनला लागूनच सोसायटी आहे. डाव्या चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, निम्म्यावर आणला, तर आवाज कमी व्हायचं सोडून एकदम वर गेला. बोट जागेवर, फेडर जागेवर, आवाज मात्र उडी मारून वर. परत खाली, परत वर. लाइटवाला मित्र धावत आला, "काय बे, काय करायलास? समोरच्या गॅलरीत माणसं आली की!" मी मास्टरचं बटण शून्यावर नेलं आणि पंधरा मिनिटं आधीच कार्यक्रम संपवला. नवरदेवाच्या मामांनी ठरलेल्या पैशातून हजार रुपये कापले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कापले असते.

त्या रात्रीमुळेच हे लिहायला बसलो. मशीनचे स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत: दोन चॅनेल, बोटाने वाजवायची आठ-आठ पॅड, लॅपटॉपला जोडून त्यातली गाणी चालवणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार एका लहानशा पार्टची आहे आणि तो पार्ट या किमतीच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये असाच असतो. तेव्हा नाव बदलून तुमची सुटका होणार नाही.

गेल्या खंडेनवमीला पूजा करून वापरायला काढला. बत्तीस हजार मोजले होते, त्यातले वीस वर्षभर साठवलेले. तेव्हापासून आजवर साठ-पासष्ट कार्यक्रम झाले असतील: लग्नं, हळदी, वाढदिवस, जयंतीचे दोन स्टेज आणि पुण्यात तीन क्लब नाइट.

पहिले पाच महिने नुसतं कौतुक होतं. जॉग व्हील (गाणं बोटाने मागेपुढे करायची चकती) घट्ट, पॅडला बोट लागलं की लगेच वाजतं, आणि वजन इतकं कमी की मोटारसायकलवर पाठीला लावून जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोडला जाता येतं. मार्चपर्यंत कोणी विचारलं की मी डोळे मिटून "घे" म्हणत होतो.

मग उन्हाळा लागला. बाहेरच्या देशांत उन्हाळा म्हणजे फेस्टिव्हल. बेल्जियममधलं टुमॉरोलँड जुलैत भरतं, कारण तिकडे तेव्हाच उघड्यावर सुखाने नाचता येतं. आपल्याकडे मोठी फेस्टिव्हल थंडीत होतात आणि उन्हाळा येतो तो लग्नांचा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या पुढे जातो. माझ्या कंट्रोलरच्या पुस्तिकेत छापलंय, 5 ते 35 अंशांत वापरावा. संध्याकाळी सहाला स्टेज लावताना काळ्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही. वाटलं होतं, हा एप्रिलमध्येच मान टाकणार.

पण नाही टाकली. गरमीने लॅपटॉप दमला, कंट्रोलर दमला नाही. हे ठळकपणे सांगतो, कारण दुकानात सगळे उलटं सांगतात. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाज तुटायला लागतो. मी बफर, म्हणजे वाजवायच्या आधी लॅपटॉप साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, 256 नमुन्यांवरून 512 वर नेला. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या सॅम्पल रेटला 256 म्हणजे साधारण 5.8 मिलिसेकंद आणि 512 म्हणजे 11.6. स्क्रॅच करताना बोटाला फरक जाणवतो, हळदीत नाचणाऱ्याला नाही. लॅपटॉप उंच स्टँडवर आणि जनरेटरच्या गरम वाऱ्यापासून लांब ठेवला. त्यानंतर अख्ख्या सीझनमध्ये आवाज तुटला नाही.

दुसरी कुरकुर आउटपुटची. या मशीनला नुसतं आरसीए आहे, म्हणजे घरच्या स्टिरिओला असतं तसलं साधं आउटपुट. जनरेटरवर लांब केबल ओढली की 50 हर्ट्झची घूं-घूं येते. डीआय बॉक्स, म्हणजे लांब केबलसाठी मध्ये लावायचा छोटा डबा, घेतला, ती गेली. विषय संपला.

आता फेडर.

त्या रात्री घरी आलो आणि झोपायच्या आधी सॉफ्टवेअरमधली मिडी सिग्नल, म्हणजे कंट्रोलर लॅपटॉपला पाठवतो ते आकडे, दाखवणारी खिडकी उघडली. जुन्या ॲनालॉग मिक्सरचा फेडर खराब झाला की खरखर ऐकू यायची, कारण गाण्याचा आवाज त्याच्यातूनच जायचा. कंट्रोलरच्या फेडरमधून गाणं जातच नाही. तो फक्त आपण कुठे आहोत ते लॅपटॉपला आकड्यात सांगतो, शून्य ते 127. त्यामुळे तो बिघडला तर खरखरत नाही, खोटं सांगतो. फेडर बरोबर मध्ये ठेवला आणि हात काढून घेतला. पडद्यावर आकडे: 64, 64, 91, 70, 64, 112. फेडर एका जागी आणि आकडे नाचतायत. सोसायटीतली माणसं गॅलरीत का आली, ते त्या 112 मध्ये होतं.

एवढं का मनाला लावून घेतलं, तेही सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस सणांत जातात, कोणाच्या हळदीला मिळत नाहीत. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. लग्नाच्या स्टेजवर 55 कोणीच पाळत नाही, मीही नाही. निदान उतरवत नेऊन दहाला थांबणं आपल्या हातात असतं आणि मी ते मनापासून करतो, कारण त्या गॅलरीत कोणाची तरी आई आजारी असू शकते. डीजेला लोक शिव्या का देतात ते मला माहीत आहे. ज्या मशीनवर आवाज खाली आणता येत नाही, ते माझ्या कामाचं नाही.

वॉरंटीचे पाच महिने शिल्लक होते. कुरियरने पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवला, साडेचारशे रुपये. बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी मीच फोन केला.

"सर, आत फॉरिन मटेरियल सापडलंय. वॉरंटीत बसत नाही."

"मॅडम, हळदीच्या कार्यक्रमातच वाजतं ते. हळद उडणारच ना?"

"सर, पॉलिसी आहे. पूर्ण वरचा बोर्ड बदलावा लागेल, सहा हजार आठशे अधिक टॅक्स."

नुसता फेडर द्या, मी बसवून घेतो, म्हटलं. सुटा पार्ट विकत नाही म्हणाल्या. मग मशीन तसंच परत पाठवा म्हटलं, तर परतीचं कुरियरही माझ्याच खिशातून. तोवर ऐन सीझनमध्ये पाच रात्री दुसऱ्याचा कंट्रोलर रात्री बाराशेने भाड्याने आणला होता. सहा हजार तिथे गेले. त्या आठवड्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर पहिल्या ओळीतच "घेऊ नका" लिहिलं असतं.

बरं झालं लिहिला नाही.

साखर पेठेत एका गल्लीत एक काका बसतात. आधी रेडिओ, मग टेप, आता ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. मशीन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, नॉब एकेक करून उपटले आणि फेडरचं चिमुकलं बोर्ड बाहेर काढलं. अंगावर छापलं होतं, बी10के. म्हणजे दहा हजार ओहमचा सरळ चढणारा पोटेन्शिओमीटर, साठ मिलिमीटर धावेचा. "हे तर कुठंबी मिळतंय की," काका म्हणाले.

मग त्यांनी फेडरचं पत्र्याचं झाकण उचकटलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत काळी कार्बनची पट्टी, आणि तिच्यावर मधोमध हळदीचा पिवळा चिकट थर, तेलात कालवल्यासारखा. फेडरबरोबर सरकणारी बारीक धातूची बोटं त्या थरावर चढली की पट्टीपासून सुटत होती. सुटली की आकडा उडायचा. इथवर मला अपेक्षित होतं. पण त्या बोटांभोवती गुलाबी धागे गुंडाळलेले होते. केसापेक्षा बारीक, सूत पिंजल्यासारखे.

"हे काय ओ काका?"

"तूच सांग. मशीनवर काय झाकतोस?"

टॉवेल. आपल्या सोलापूरचाच, टर्किशचा, गुलाबी. नवा कोरा घेतला होता, खास मशीनसाठी. तेव्हापासून रोज कार्यक्रमाआधी आणि नंतर तोच वरून टाकत होतो, त्यानेच पुसत होतो.

"बाळा, हळद उडून जाती. ही रुई तिला धरून बसलीय. वरून तेलाचा हात."

टर्किश टॉवेलच्या फासांतून नवेपणी रुई सुटतेच, हे या गावात वाढलेल्या माणसाला माहीत असायला हवं. माझे आजोबा मिलमध्ये होते. ते पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. सर्व्हिस सेंटरवरचा निम्मा राग तिथेच उतरला. "फॉरिन मटेरियल" ते म्हणाले ते खरंच होतं, आणि त्यातलं अर्धं मी स्वतः घातलेलं होतं.

उरलेला राग आहे तसा आहे. एक, फेडरची फट उघडी आहे. तिच्याखाली एक कापडी पट्टी लावली असती तर हळद आत गेली नसती. दोन, ज्या पार्टला नव्वद रुपये पडतात तो सुटा न देता सहा हजार आठशेचा बोर्ड गळ्यात मारणं. काकांनी आधी जुनाच फेडर साफ करून पाहिला. पाण्याने काही होत नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एक हात फिरवला आणि काडी पिवळीधमक. पट्टी साफ झाली, पण मधोमध झिजलेली दिसली, म्हणून नवा टाकला. पार्ट नव्वद, मजुरी दोनशे. घरी येऊन आकडे पाहिले: 64, 64, 64, 64. पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

एक सावधगिरी. बिजागरीला मारायचा स्प्रे फेडरमध्ये मारू नका. त्याचं तेल आत राहतं आणि पुढची धूळ त्यालाच चिकटते. आतलं मूळचं ग्रीस धुऊन गेलं तर फेडर कोरडा आणि जड होतो, तेव्हा साफ केल्यावर फेडरचंच वंगण थेंबभर लागतं.

जूनमध्ये पुण्यात क्लब नाइट होती. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो, सोबत फक्त हेडफोन आणि दोन पेन ड्राइव्ह. क्लबमध्ये प्लेअर आणि मिक्सर लावलेलेच असतात, सीडीजे-3000 वगैरे. त्या मिक्सरचा फेडर इतका मऊ की बोटाखाली आहे की नाही कळत नव्हतं. आणि मी त्याला हातच लावत नव्हतो! मे महिन्यात डाव्या फेडरवरचा विश्वास उडाल्यापासून, भाड्याच्या मशीनवरसुद्धा, मला सवय लागली होती: फेडर पूर्ण वर ठेवायचा आणि गाण्याचा आवाज ट्रिमने, म्हणजे चॅनेलच्या वरच्या नॉबने, आधीच बेतून घ्यायचा. त्या रात्री तीन तासांत मीटर एकदाही लाल झाला नाही. तिथला साउंड इंजिनिअर शेवटी येऊन म्हणाला, "दादा, तुम्ही लेव्हल फार नीट ठेवता." बिघडलेल्या फेडरने शिकवलेली गोष्ट क्लबमध्ये कामी आली. त्या कौतुकाने मी सोलापूरपर्यंत खुशीत होतो.

क्लबला एसी, बंद खोली, मिनिटाला 122 ते 126 ठोक्यांचा ठेका चार तास. असली मशीनं त्या जगासाठी बनतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या हळदीत एका तासात तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी सगळं लागतं आणि मध्येच कोणीतरी हलगीचं रेकॉर्डिंग मागतं. ते यंत्राच्या टिकटिकीवर वाजवलेलं नसतं, ठेका मागेपुढे होतो, सॉफ्टवेअरचा बीटग्रिड (ठोके कुठे पडतात त्याची आखणी) चुकतो आणि दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारं सिंक दाबलं की गाडी घसरते. तिथे कानाने आणि पिच स्लायडरने, म्हणजे गाण्याचा वेग बदलणाऱ्या दांडीने, जुळवावं लागतं. या बाबतीत हा कंट्रोलर मला आवडतो. पिच स्लायडर लांब आहे, हाताला जड लागतो आणि नऊ महिन्यांत एकदाही चळला नाही. विशेष म्हणजे त्याच्या फटीतही हळद गेलेली असणारच, पण तो उजवीकडे आहे आणि मी टॉवेल डावीकडून फिरवत होतो.

घ्यायचा का? घ्या. पण घेताना दुकानदाराला पॅडचे रंग विचारू नका. फेडर सुटा मिळतो का आणि तो कितीचा, हे विचारा. त्याला माहीत नसेल तर आपल्या गल्लीतल्या रिपेअरवाल्याला विचारून मग पैसे मोजा. बत्तीस हजारांचं मशीन नव्वद रुपयांच्या पट्टीवर अडतं. झाकायला कडक प्लास्टिकचं कव्हर घ्या. कव्हर परवडत नसेल तर आपली सोलापुरी चादर टाका. तिचं विणकाम घट्ट असतं, रुई सुटत नाही. मी दोन महिने चादरच टाकतोय आणि दर रविवारी आकडे तपासतोय. अजून 64 आहे.

सध्या पाऊस, लग्नं तुळशीच्या लग्नानंतर. मधे गणपतीत गुलाल आहेच. काल बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेच्या कार्यक्रमाची विचारणा आली. चंपाषष्ठीला तिथे भंडारा उधळतात, हवाच पिवळी होते. मित्र म्हणाला भाड्याचं मशीन ने. मी हाच नेणार म्हणून सांगितलंय. काकांकडून बी10के चे आणखी दोन फेडर आणून डब्यात ठेवलेत आणि नॉब न तोडता कसे उपटायचे ते त्यांच्याशेजारी बसून शिकून आलोय.