पेटी कावाईंची, फुलदाणी भलत्याचीच – जपानी लाल फुलदाणी घेताना झालेली माझी फसवणूक

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. पण इथे तोक्योत, निशी-कासाईच्या बाजूला राहणारे आपले कितीतरी लोक कायमचे भारतात परत जाताना एखादी जुनी जपानी वस्तू घेऊन जातात, आणि माझ्यासारखं कुणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून सगळं सांगतो. माझे 1 लाख 80 हजार येन गेले, म्हणजे आपले साधारण लाखभर रुपये.

आधी ती वस्तू काय असते ते सांगायला हवं, नाहीतर एवढे पैसे का घातले ते कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी क्योतोला गेलो होतो तेव्हा गोजोझाका भागात कावाई कांजिरो या नावाजलेल्या कुंभाराचं घर बघितलं, आता तिथे म्युझियम आहे. 1937 साली त्यांनी स्वतः डिझाईन करून बांधलेलं लाकडी घर, काळपट तुळया, मध्ये चूल, आणि मागे अंगणापलीकडे चढावर बांधलेली आठ खणांची मोठी भट्टी. आजूबाजूचे कुंभारसुद्धा आपली भांडी त्याच भट्टीत भाजायचे. तिथे एका कोपऱ्यात लाल फुलदाणी ठेवलेली होती, वर छताच्या बाजूने थोडासा उजेड येत होता, आणि मी तिच्यासमोर किती वेळ उभा होतो मला खरंच माहीत नाही. मी कोकणातला, तो रंग बघून मला एकच आठवलं, पिकलेला रातांबा. वरून लाल पण आत कुठेतरी काळसर जांभळा, आणि जिथे ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, ओघळून खाली जमलंय तिथे तर आमसुलाइतका गडद. आणि तोंडाच्या कडेला मात्र रंग जवळजवळ पांढरा होत गेलेला. ही पांढरी कड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या लाल ग्लेझला जपानीत शिन्शा म्हणतात. शब्दाचा अर्थ हिंगूळ, पण त्यात हिंगूळ नसतो, रंग तसा म्हणून नाव, असतं ते तांबं. माझे बाबा रत्नागिरीला केमिस्ट्री शिकवायचे, त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर पहिलं वाक्य हेच, अरे तांबं लाल कसं येईल, तांब्याची कळक हिरवी, मोरचूद निळं. मग मी वाचून वाचून त्यांना सांगत गेलो की ग्लेझमध्ये तांबं अर्धा-एक टक्काच असतं, भट्टी 1250-1300 अंशापर्यंत नेताना वाटेतच हवा कमी करून आत धूर कोंडायचा, ऑक्सिजन मिळाला नाही की तांब्याचे अगदी बारीक कण काचेत तयार होतात आणि लाल दिसतं, हवा जास्त गेली तर हिरवं पडतं, नाहीतर तांबं उडून जाऊन रंगच येत नाही. लाकडाच्या भट्टीत हे सांभाळायचं म्हणजे एका वेळच्या भांड्यांतली किती मनासारखी निघतील याचा भरवसा नाही. बाबा एकदम गप्प झाले आणि म्हणाले, हे हातात घेऊन बघायला पाहिजे रे एकदा. त्यांची पंचाहत्तरी यंदा होती. तेव्हाच ठरवलं की बाबांना कावाईंची शिन्शा द्यायची.

कावाईंबद्दल थोडं सांगतो कारण फसवणूक त्यांच्या एका सवयीचा फायदा घेऊनच झाली. जन्म 1890, शिमानेमधल्या यासुगीचा. तोक्योच्या टेक्निकल स्कूलमधून सिरॅमिक्स शिकून 1914 ला क्योतोच्या सरकारी संशोधन केंद्रात लागले, ग्लेझच्या असंख्य चाचण्या केल्या, 1920 ला गोजोझाकाची भट्टी घेतली. सुरुवातीला जुन्या चिनी धर्तीवरची अतिशय सफाईदार कामं करायचे, खूप नावाजलं लोकांनी, पण यानागी सोएत्सु हे विचारवंत आणि हामादा शोजी हे कुंभार यांच्याबरोबर मिंगेईकडे, म्हणजे साध्या लोकांच्या रोजच्या वस्तूंमधल्या सौंदर्याकडे वळले आणि तेव्हापासून भांड्यावर सही करणंच सोडून दिलं. 1937 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या ज्या भांड्याला ग्रांप्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, मिळालं ते मित्राने त्यांच्या नकळत पाठवलेलं होतं, त्यावरची फुलं लोह आणि शिन्शानेच काढलेली आहेत. पुढे सरकारने लिव्हिंग नॅशनल ट्रेझर, म्हणजे देशाचा जिवंत ठेवा, हा मान द्यायचं म्हटलं तर तेही नाकारलं, आणि 1966 ला जाईपर्यंत स्वतःला साधा कुंभारच मानलं. मला त्यांच्या कामाइतकाच हा माणूसही आवडतो, त्यामुळेच जास्त लागलं.

तर भांड्यावर सही नाही. मग ओळखायचं कशावरून? तर लाकडी पेटीवरून. जपानात अशा भांड्याला स्वतःची पेटी असते, झाकणावर कलाकार शाईने वस्तूचं नाव आणि आपलं नाव लिहितो, शिक्का मारतो, तिला तोमोबाको म्हणतात. तोमोबाको असेल तर किंमत एकदम वर जाते.

मार्चमध्ये एका ऑनलाइन लिलावात एक लाल फुलदाणी दिसली. वर्णनात लिहिलेलं, जुन्या घराच्या कोठारातून जशीच्या तशी निघालेली आहे, मला यातलं काही कळत नाही, फोटो बघून तुम्हीच ठरवा, नो क्लेम नो रिटर्न. फोटोत पेटीचं झाकण, त्यावर शिन्शा आणि कांजिरो हे दोन्ही मला वाचता आले, छाती धडधडायला लागली. मेसेज करून विचारलं की खाली सही का नाही, तर उत्तर आलं, ते सही करत नसत असं ऐकलंय. आणि ते खरंच होतं ना! म्हणजे सही नसणं हाच मला पुरावा वाटला. आता मागे बघतो तर त्या माणसाने एकदाही लिहिलं नव्हतं की ही फुलदाणी कावाईंची आहे. फक्त पेटीवर काय आहे ते लिहिलं होतं. पार्सल आल्यावर त्याने लगेच मेसेज केला, मिळालं की कृपया बटण दाबा, मी त्याच रात्री दाबलं, आणि बटण दाबलं की साइटकडे अडकवून ठेवलेले पैसे विकणाऱ्याला जातात. हे बटण दाबायची घाई करू नका हो, वस्तू कुणा जाणकाराला दाखवून होईपर्यंत मुदतीतला प्रत्येक दिवस वापरा.

दोन आठवड्यांनी क्योतोला कामासाठी जाणं झालं तेव्हा ती बरोबर नेली, जुन्या वस्तूंच्या गल्लीत एका दुकानात म्हाताऱ्या बाई बसलेल्या, त्यांना दाखवली. विकायची नाही, फक्त भारतात नेताना पॅकिंग कसं करू एवढंच विचारायचं होतं. त्यांनी फुलदाणी हातात घेतली, ठेवली. मग पेटी घेतली आणि झाकणावरची अक्षरं बराच वेळ बघत राहिल्या. मग एकेका अक्षरावर बोट ठेवून मला वाचून दाखवलं, शिन्शा, हेन्को. हेन्को म्हणजे चपटी फुलदाणी, दोन बाजूंनी दाबल्यासारखी. माझी फुलदाणी गोल होती. ती दोन अक्षरं लपेटीत लिहिलेली, मला वाचता आली नव्हती, आणि ओळखीचे शब्द दिसल्यावर मी बाकीचं वाचायचा प्रयत्नच केला नाही.

त्यांनी मग फुलदाणी पेटीत ठेवून दाखवली, समोर-मागे बोटभर जागा रिकामी आणि डावी-उजवीकडे दाबून बसवायला लागत होती. म्हणाल्या, आवासेबाको. म्हणजे दुसऱ्याची पेटी जोडून दिलेली. रिकाम्या पेट्यासुद्धा विकल्या जातात हे मला तेव्हा कळलं. मग भिंग दिलं आणि म्हणाल्या कड बघ. तोंडाची कड पोटाइतकीच लाल, एकसारखी, नेलपॉलिश लावल्यासारखी. कडेला ग्लेझ पातळ होतं, तांबं तिथे टिकत नाही, म्हणून ती पांढरी पडते, हे सगळं मी स्वतः बाबांना समजावून सांगितलं होतं आणि स्वतःच्या हातातल्या वस्तूवर बघितलं नव्हतं. हल्ली कॅडमियम-सेलेनियमचे तयार रंग मिळतात, त्यांना धूर कोंडायची गरज नाही, प्रत्येक वेळी सारखाच लाल येतो, माझी बहुधा तसलीच. पण नुसत्या पांढऱ्या कडेवर जाऊन घेऊ नका, तांब्याचं लाल ग्लेझ चीनमध्ये आणि इतर ठिकाणीही भरपूर बनतं, कड बरोबर असली तरी भांडं कावाईंचं ठरत नाही.

पेटी मात्र खरी असावी असं बाई म्हणाल्या. ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं, कारण म्हणजे कुठेतरी एक चपटी लाल फुलदाणी आपल्या पेटीवाचून आहे किंवा फुटून गेली.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. विकणाऱ्याने एकदा अगदी नम्रपणे उत्तर दिलं की आधीच लिहिलं होतं रिटर्न नाही, मग उत्तरं बंद. 188 ला फोन केला, ही इथली ग्राहक हेल्पलाइन, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं पण ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला कूलिंग ऑफ, म्हणजे ठराविक दिवसांत खरेदी रद्द करायची सोय, लागू होत नाही. पोलिसांतही गेलो, त्यांनी नोंद घेतली, पण वर्णनात कावाईंची आहे असं कुठेच नाही म्हटल्यावर पुढे काही हललेलं नाही. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे कोबुत्सुशोचं, म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचं, लायसन्स असावं लागतं आणि त्याचा नंबर दाखवावा लागतो, तो या माणसाच्या पानावर नव्हता, तेवढं आधी बघितलं असतं तरी मी थांबलो असतो.

बाबांना खरं सांगितलं. ते पैशांबद्दल काही बोलले नाहीत, कड कशी होती तेच दोनदा विचारलं.

तो अकाउंट आता दिसत नाही. पण मागच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने एक लाल फुलदाणी आलीय, तेच कोठार, तेच मला काही कळत नाही, आणि फोटोत तेच फिकट लाकडी टेबल ज्याच्या डाव्या कोपऱ्यात जळल्याचा गोल डाग आहे. मी रिपोर्ट केलंय, अजून काढलेली नाही. तो डाग दिसला तर बोली लावू नका.