जवसाचं तेल की टंग तेल: नव्या शार्प्सचा दस्ता

काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या काळच्या बंदुकीच्या दारूच्या, काडतुसाची नवी रायफल घेताना आपण कॅलिबर आणि साइटवर महिनोन्‌महिने डोकं लावतो, आणि दस्त्याला कुठलं तेल लावायचं ते शेवटच्या आठवड्यात ठरवतो. माझी पहिली रायफल अशीच झाली. १८७४ च्या शार्प्स या जुन्या अमेरिकी रायफलीच्या धाटणीची, .४५-७० काडतुसाची. तिच्या अक्रोडाच्या दस्त्याला मी उकळलेलं जवसाचं तेल चोळलं. पुढे त्याच धाटणीची .४०-६५ घेतली, तिचं लाकूड मुद्दाम कोरं मागवलं आणि तिला टंग तेल दिलं. मी कोलोरॅडोत राहतो. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजीच्या मैदानावर दोन्ही रायफली आलटून पालटून सामन्यांना नेतो. तिथे प्राण्यांच्या आकाराची पोलादी लक्ष्यं पाडायची असतात, २०० मीटरच्या कोंबडीपासून ५०० मीटरच्या मेंढ्यापर्यंत. त्यामुळे दोन्ही तेलांना ऊन, घाम आणि पाणी सारखंच मिळालं आहे.

आधी जवसाची बाजू, कारण तिच्यावर माझा जीव आहे. माझं बालपण विदर्भातलं, घरात जवसाची चटणी रोजची. पहिल्या दिवशी डबा उघडला आणि तोच वास गॅरेजभर पसरला. ब्रिटिश लष्करात ली-एनफील्डचे दस्ते कच्च्या जवसाच्या तेलावरच टिकले. अक्रोडावर त्याचा जो तांबूस, ऊबदार रंग चढतो, तो टंगला मला कधी आणता आला नाही. लावायलाही सोपं: हातानं गरम होईस्तोवर चोळायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा हात. एक लक्षात ठेवा, डब्यावर ‘उकळलेलं’ लिहिलं असलं तरी हल्ली ते उकळत नाहीत, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे ड्रायर घालतात. ते स्वयंपाकाचं तेल नव्हे. आणि कच्चं आणलंत तर वाळण्याची वाट बघतच बसाल.

टंग तेल येतं चीनमधल्या एका झाडाच्या बियांतून. रंग फिका, पुढे फारसं पिवळं पडत नाही, आणि पाण्याला जवसापेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं. पण संयम लागतो. पहिले दोन-तीन हात मी टर्पेंटाइननं निम्मं पातळ करून दिले, म्हणजे लाकडात मुरतं. जाड हात दिला की वर सुरकुत्या येतात किंवा पांढुरकी झाक चढते. आमच्या कोरड्या हवेतही दोन हातांमध्ये तीन दिवस जात होते, आणि शेवटच्या हातानंतर महिनाभर मी त्या रायफलीला गोळीबारासाठी हात लावला नाही. विकत घेताना डब्यावर ‘शुद्ध’ लिहिलं आहे ना, ते बघा. ‘टंग ऑइल फिनिश’ या नावानं मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत व्हार्निशच जास्त असतं.

इथवर काटा बरोबरीत. माझ्यापुरता तो हलवला मुठीच्या जागेनं.

काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त ऐवज घट्ट राख होऊन मागे राहतो. त्यातले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि ती काजळी निघते पाण्यानंच. म्हणून सामन्यात दर गोळीनंतर मी ओलं पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, सळईनं ब्रीचकडून, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाकडून, आत घालतो. तेव्हा ते तोंड बंद करणारा ब्लॉक खाली असतो. सळईवरून काळं पाणी ओघळतं, मागे टँगवर (तेलाचं टंग नव्हे, रिसीव्हरची, म्हणजे नळीमागच्या धातूच्या सांगाड्याची, दस्त्यात बसणारी शेपटी) येतं आणि टँगच्या कडेनं थेट लाकडात उतरतं, नेमकं जिथे आपण मूठ आवळतो तिथे. जवसाच्या दस्त्यावर दुसऱ्याच सामन्यानंतर तिथे नखाएवढे पांढुरके डाग आले. अंगठा फिरवला तर तंतू उभे राहिलेले, जुन्या पॉलिश पेपरसारखे खरखरीत. घासलं, तेल दिलं, छान झालं. पुढच्या सामन्यात डाग परत त्याच जागी. तीन उन्हाळे मी हेच करत होतो. शिवाय ऑगस्टच्या दुपारी दस्ता तापला की गालाला किंचित चिकट लागायचा, आणि मेंढ्यावर नेम धरलेला असताना तो एवढासा चिकटपणासुद्धा मन विचलित करतो. टंगच्या दस्त्यावर तेच काळं पाणी थेंब होऊन थांबतं. मी फडक्यानं पुसतो. अजून डाग नाही.

खरं तर यात जवसाचा सगळा दोष नाही. पहिल्या रायफलीच्या वेळी मी दस्ता बाहेरून तेलानं न्हाऊ घातला आणि रिसीव्हर आणि टँग बसतात ती आतली खाच कोरी ठेवली. टँगखालचं लाकूड आणि खांद्याला टेकणाऱ्या बटाच्या पट्टीमागचं उघडं टोक, पाणी शिरतं ते इथूनच. दुसऱ्या वेळी आधी फिटिंग पुरं केलं. दिव्याची काजळी तेलात कालवून टँगला आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूला लावायची, दस्ता दाबून बसवायचा, काढायचा, लाकडावर जिथे काळं उमटलं तेवढंच धारदार पटाशीनं खरवडायचं. असं चाळीसेक वेळा तरी झालं असेल. धक्का रिसीव्हरच्या मागच्या खांद्यांनी दोन्ही बाजूंना सारखा घेतला पाहिजे. टँगच्या शेपटीमागे मात्र पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट हवीच, नाहीतर टँग पाचरीसारखी घुसते आणि लाकूड तिथून चिरतं. हे झाल्यावर आतल्या खाचेला पातळ टंगचे तीन हात दिले आणि मगच बाहेरून सुरुवात केली.

बाहेरची तयारी दोन्ही तेलांना सारखीच. ओल्या फडक्यानं लाकूड पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २२० आणि मग ३२० च्या पेपरनं घ्या, तंतू उठायचे थांबेपर्यंत. अक्रोडाची छिद्रं भरायला तेलात भिजवलेल्या पेपरनं घासलं की जो चिखल होतो तोच छिद्रांत बसतो. दोन्ही रायफलींवर हीच युक्ती लागू पडली.

चिंध्यांचं मात्र अगदी मनापासून सांगतो: तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. जवसाचं तर हमखास संशयित. मी अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवतो, तोवर दुसरं काम हातात घेत नाही.

तुम्ही पाण्याऐवजी फुंकनळीवर, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये नळीत ओला श्वास फुंकून काजळी मऊ ठेवण्यावर, भागवत असाल, पावसात बाहेर पडत नसाल आणि दर वर्षी दस्त्याला हात लावण्यात तुम्हाला आनंद असेल, तर जवस घ्या. ओरखडा आला तर दहा मिनिटांत मिटतो आणि रंग दर वर्षी गडद होत जातो. मी चूक असेन, पण सामने नियमित खेळणाऱ्याला, आणि विशेषतः ओलं पॅच वापरणाऱ्याला, मी टंगच सुचवेन. महिनाभर थांबायची तयारी ठेवा आणि आतली खाच आधी करा.

माझी जुनी .४५-७० जवसावरच आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते, आदल्या रात्री तिला एक पातळ हात देतो, आणि सकाळी घरात तो वास असतो.