पांगुळगाडा: आठ महिने वापरल्यानंतर

लेक अकरा महिन्यांची असताना आईने सावंतवाडीच्या चितारआळीतून, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या बाजारातून, पांगुळगाडा आणला. आता ती एकोणीस महिन्यांची आहे, आणि घरातल्या सगळ्या खेळण्यांत रोज हाताळला जातो तो हाच.

घरच्यांना मध्ये बसवायचा वॉकर हवा होता. मी ठाम नाही म्हटलं. त्यात मूल चवड्यांवर रेटत सुटतं, स्वतःची पावलंही त्याला नीट दिसत नाहीत. जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. पांगुळगाड्यात मूल स्वतः उभं राहतं, तोल स्वतः सावरतं.

पहिला आठवडा मात्र कठीण गेला. गुळगुळीत फरशीवर गाडा पुढे पळायचा, लेक मागे लोंबकळायची. दांडा धरून उठायला गेली की पुढचं चाक उचललं जायचं. शेवटी पुढच्या पट्टीला किलोभर तांदळाची पुरचुंडी बांधली आणि मागच्या चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चढवल्या. मग गाडा तिच्या चालीने चालू लागला. हे पहिल्याच दिवशी करा, आणि तरीही मागे कुणीतरी असू द्या.

सुरुवातीला भिंत आली की ती रडायची. चौदाव्या महिन्यात एका दुपारी ती भिंतीशी थांबली, चाकाकडे वाकून पाहिलं, दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि गाडा वळवला. मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं! तोवर ती एकटी चालायलाही लागली होती. गाडा आता माळ्यावर जाणार असं वाटलं, पण त्यात बटाटे आले, ठकी (लाकडी बाहुली) आली, बाबांचे मोजे आले.

वापराच्या सहाव्या महिन्यात चाकाची खुंटी ढिली होऊन निघाली, बोटाच्या पेराएवढी. ती मला तिच्या मुठीत सापडली. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एवढी वस्तू लागता कामा नये. तेव्हापासून दर रविवारी खुंट्या हलवून बघते.

रंगाचंही तपासा. ऑनलाइन मागवलेल्या ठोकळ्यांचा रंग ओल्या फडक्याला लागला, तसेच परत पाठवले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून तिथे रंग कोणता ते विचारूनच घ्या.

दिरांच्या बाळासाठी दुसरा गाडा सांगितलाय. या वेळी दांड्याची उंची बाळाला उभं करून, छातीशी मोजून कळवली आहे.