फझ पेडल: जर्मेनियम की सिलिकॉन?
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घरी फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारी, पायाने चालवायची डबी) जोडणाऱ्याने ट्रान्झिस्टर घेताना आधी हेच ध्यानात घ्यावं.

जर्मेनियमचा एसी १२८ मला मनापासून आवडतो. गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की खरखर विरते, सूर स्वच्छ होतो. पण तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्याची गळती, म्हणजे नको असताना झिरपणारा विद्युतप्रवाह, दुप्पट होते. पेडलमधल्या दोनपैकी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर मल्टिमीटर लावून बघा: ९ व्होल्टच्या बॅटरीवर तिथे ४.५ च्या आसपास हवेत. दुपारी पत्र्याखाली हा आकडा सरकतो नि आवाज तुटक, घुसमटलेला येतो. आकडा परत जुळवायला ट्रिमपॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा छोटा रोधक) बसवाच.

सिलिकॉनचा बीसी १०८ उन्हाला फारशी दाद देत नाही. आवाज तिखट, इतकंच. तो एनपीएन, एसी १२८ पीएनपी, म्हणजे दोघांत प्रवाहाची दिशा उलट. अदलाबदल करताना बॅटरीची टोकंही उलटवा. उन्हाळ्यात मांडवात वाजवायचं असेल तर सिलिकॉनच घ्या.